शोरूम की गावातलं गॅरेज? आधी जॉब कार्ड वाचा

पत्राचा सारांश : मी साताऱ्याजवळच्या एका गावात राहतो, एमआयडीसीत नोकरीला आहे. रोजचं येणं-जाणं 36 किलोमीटर. साडेतीन वर्षांपूर्वी 125 सीसीची बीएस-6 मोटारसायकल घेतली, 38,000 किलोमीटर झालेत. वॉरंटी 5 वर्षं किंवा 70,000 किलोमीटरची आहे. परवा शोरूममध्ये सर्व्हिसिंग केलं तर 3,345 रुपये बिल झालं. गावातला मेकॅनिक म्हणाला, ‘ऑइल, मागचे ब्रेक शू आणि मजुरी धरून मी 1,200 मध्ये करून दिलं असतं.’ मित्र म्हणतात, शोरूम म्हणजे लूट. वडील म्हणतात, बाहेरच्याला हात लावू दिलास तर वॉरंटी गेली आणि विकताना किंमतही पडणार. व्हिडिओ बघून घरीच ऑइल बदलावं असंही मनात येतं. बिलाचा फोटो सोबत जोडतोय. काय करू?

उत्तर : बिलाचा फोटो जोडलात हे बरं केलंत, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे. ‘शोरूम महाग, गॅरेज स्वस्त’ हे तुम्ही, तुमचे मित्र आणि वडील या सगळ्यांनीच धरून चाललंय. भांडण आहे ते महागाचं चांगलं असतं का एवढ्यावर. तेव्हा आधी आकडेच मांडू.

तुमच्या बिलात इंजिन ऑइल 430, एअर फिल्टर 310, मागचे ब्रेक शू 290, मजुरी 600 आणि चेन साफ करून ऑइल लावायचे 160 आहेत. मजुरी आणि चेनच्या कामावरचा 18 टक्के जीएसटी धरून हे 1,927 रुपये होतात. उरलेलं बिल असं : इंजिन डिकार्बनायझिंग 450, पेट्रोलमध्ये टाकायचं इंजेक्टर क्लीनर 380, टेफ्लॉन पॉलिश 350, ‘कन्झ्युमेबल्स’ (पुसायची फडकी, ग्रीस वगैरे) 80 आणि क्लीनर सोडून बाकीच्यांवरचा कर. हे 1,418 रुपये झाले.

मेकॅनिकच्या 1,200 मध्ये एअर फिल्टर नव्हता. तो घातला की त्याचा आकडा 1,510 वर जातो. म्हणजे सारखंच काम सारख्याच पार्टनी केलं, तर शोरूम आणि गॅरेजमधला फरक 417 रुपये. तुम्हाला 2,145 चा फरक दिसला, त्यातला दोन तृतीयांश भाग तुम्ही न मागितलेल्या कामांचा आहे.

ती कामं गरजेची होती का? डिकार्बनायझिंग, म्हणजे इंजिनात साचलेला कार्बन काढणं, हा काही गाडीसोबत आलेल्या पुस्तकातल्या सर्व्हिसिंगच्या तक्त्यातला नेमाचा विषय नाही. चढाला इंजिन ठोकत असेल, ओढ कमी झाली असेल, कॉम्प्रेशनची तक्रार असेल, तर कार्बनचा संशय घ्यायचा. रोज हायवेला एका वेगात 36 किलोमीटर पळणाऱ्या, नीट स्टार्ट होणाऱ्या इंजेक्शनच्या गाडीत त्याची गरज सहसा पडत नाही. इंजेक्टर क्लीनरचंही तसंच. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आल्यापासून हे डबे जोरात खपतात. पण इथेनॉलचा त्रास व्हायचा तर जुन्या गाड्यांच्या रबरी भागांना आणि गॅस्केटना होतो. ऑगस्ट 2025 मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानंही काही जुन्या वाहनांत 20 ते 30 हजार किलोमीटरनंतर असे भाग बदलावे लागू शकतात असं म्हटलं होतं. कडक झालेला रबरी पाइप डबा ओतून मऊ होत नाही. तुमची गाडी 2023 च्या आधीची, म्हणजे या जुन्यांत मोडणारी असावी, तेव्हा पुढच्या वेळी टाकीपासून इंजेक्टरपर्यंतचा पेट्रोल पाइप तेवढा बघायला सांगा : भेगा आहेत का, क्लिपपाशी ओल आहे का. पॉलिशवर काय बोलायचं? हौस असेल तर करा, पण ते सर्व्हिसिंग नाही.

ही कामं बिलात शिरतात कुठून, तर जॉब कार्डातून, म्हणजे गाडी देताना करायची कामं लिहून तुमची सही घेतात त्या कागदातून. सकाळी आठ-साडेआठच्या गर्दीत सल्लागार ‘फुल सर्व्हिस करू ना?’ विचारतो, तुम्ही मान हलवता आणि सही करता. मजुरीच्या ठरलेल्या दरात वाव थोडा, म्हणून कमाई या जोडकामांवर. तेव्हा सहीच्या आधी कार्डावर लिहून घ्या : ‘पुस्तकातल्या तक्त्याप्रमाणेच काम. तक्त्याबाहेरचं काहीही फोनवर विचारल्याशिवाय करू नये. काढलेले जुने पार्ट परत द्यावेत.’ अंदाजे खर्चाचा आकडाही टाकून घ्या आणि कार्डाचा फोटो काढा. जुने पार्ट परत मागण्यात गैर काही नाही, पैसे तुम्ही भरलेत. ब्रेक शू बदलण्याआधी ड्रमच्या प्लेटवरचा बाण बघा. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपर्यंत गेला तरच शू संपलेत. एवढं करून बिलात न सांगितलेलं काम आलंच, तर काउंटरवरच ते कमी करायला सांगा. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. बहुतेक वेळा नुसता जॉब कार्डाचा फोटो दाखवला तरी पुरतं.

आता वडिलांचा मुद्दा. वॉरंटीबद्दल ते अर्धे बरोबर आहेत. गाडीसोबत आलेल्या पुस्तकातली वॉरंटीची पानं नीट वाचा. ठरलेल्या अंतरावर किंवा मुदतीत अधिकृत ठिकाणी सर्व्हिसिंग झालेलं असावं, अशी अट तिथे बहुधा सापडेल. स्पर्धा आयोगानं ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटारकार कंपन्यांविरुद्धच्या आदेशात, बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामानं जे बिघडलं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असं म्हटलं होतं. पण तो आदेश चारचाकी कंपन्यांविरुद्धचा, आणि पुढे अपिलात गेलेला. शोरूमच्या काउंटरवर त्याच्या जोरावर भांडून तुमचा फ्युएल पंप फुकट बदलून मिळेल, या भरवशावर राहू नका.

वडिलांचं उरलेलं अर्धं मात्र तपासायला हवं. वॉरंटी असते ती बनावटीतल्या दोषांची. ब्रेक शू, क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट, केबल, प्लग, फिल्टर, बल्ब हे झिजणारे भाग सहसा तिच्यात नसतात आणि टायर-बॅटरीची वॉरंटी त्या-त्या कंपनीची असते. 38,000 नंतर पैसे खातात ते नेमके हेच भाग. ते बाहेर बदलले म्हणून इंजिनाची वॉरंटी सहसा जाऊ नये, पण पुस्तकातली अट बघून घ्या, पार्ट योग्य हवा आणि बिल जपून ठेवायला हवं. वॉरंटी नाकारण्याचं एक नेहमीचं कारण वेगळंच आहे : जास्तीचा एलईडी लाइट किंवा मोठा हॉर्न लावताना कापलेली वायरिंग. पुढे ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर), स्टार्टर किंवा मीटर बिघडला की पहिलं बोट त्या टेपच्या गुंडाळीवर जातं.

तुमची वॉरंटी अजून दीड वर्ष आहे. वर्षाला तुमची गाडी अकरा हजारांच्या आसपास चालते, म्हणजे किलोमीटर नाही, मुदतच आधी संपणार. दर 6,000 ला सर्व्हिसिंग धरलं तर तीन वेळा शोरूममध्ये जावं लागेल. 417 च्या हिशोबानं जादा खर्च साडेबाराशे रुपये. त्याबदल्यात फ्युएल पंप, इंजेक्टर, ईसीयू, इंजिनाच्या आतले भाग यांच्यावर छत्र राहतं. यातला एक भाग गेला तरी साडेबाराशेपेक्षा जास्त जातात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : वॉरंटी संपेपर्यंत तक्त्यातलं सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणी, तेही कापून-छाटून. झीज होणाऱ्या भागांचं काम बाहेर करायला हरकत नाही.

‘अधिकृत’ म्हणजे शोरूमच असंही नाही. मोठ्या कंपन्यांची तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या कडेला छोटी अधिकृत सर्व्हिस सेंटर असतात, गाड्या न विकणारी. पुष्कळदा ती एखादा जुना मेकॅनिकच चालवतो. काचेच्या इमारतीचं भाडं नसल्यानं तिथे जोडकामांचा आग्रह कमी असतो, आणि जो माणूस गाडी उघडतो त्याच्याशी थेट बोलता येतं. नोंद मात्र कंपनीकडे होते. कंपनीच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर अशी केंद्रं सापडतात. साताऱ्यात नसेल तर कराड, वाई, कोरेगाव बघा. माझ्या मते तुमच्यासाठी पहिला पर्याय हाच.

विकताना किंमत पडते का? 125 सीसीच्या गाडीचा गिऱ्हाईक आधी इंजिनाचा आवाज ऐकतो, धूर बघतो, टायर आणि कागद बघतो. सर्व्हिसिंगची सलग नोंद असली तर सौद्यात थोडा जोर येतो, पण ती गावातल्या मेकॅनिकच्या तारीख-किलोमीटर लिहिलेल्या बिलांचीही चालते.

आता मेकॅनिकबद्दल. तो स्वस्त आहे म्हणून चांगला नाही आणि त्याच्याकडे बोर्ड नाही म्हणून वाईटही नाही. कसं ओळखायचं? टॅपेटवरून, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व उघडणाऱ्या भागात ठेवायच्या बारीक फटीवरून. तुमच्या गाडीत बहुधा स्क्रूचे टॅपेट असतील. त्यांची फट शतांश मिलिमीटरमध्ये असते, पुस्तकात आकडा दिलेला असतो. ती मोजायची ती इंजिन थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, मॅग्नेटवरची टी खूण जुळवून, फीलर गेजनं, म्हणजे ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी. गाडी अठरा किलोमीटर पळवत आणली आणि दहा मिनिटांत टॅपेट सेट करून मिळाले, तर ते काम झालंच नाही असं समजा. तापलेल्या इंजिनात फट बदललेली असते. कित्येक जण गेज न लावता बोटानं हलवून, आवाजावर सेट करतात. गिऱ्हाइकालाही वाटतं, ‘टकटक’ थांबली म्हणजे काम झकास. उलट आहे. ढिला टॅपेट आवाज करतो, पण सांगून करतो. घट्ट टॅपेट गप्प राहतो, व्हॉल्व पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता सीटमध्ये उतरत नाही आणि एक्झॉस्ट व्हॉल्व हळूहळू जळतो. मग सकाळी स्टार्ट व्हायला त्रास, ओढ कमी, आणि शेवटी हेड उघडायची वेळ. हे शोरूममध्येही होतं बरं का, कारण तिथे दिवसाला गाड्यांचा कोटा असतो. टॅपेट तपासायचे असतील तेव्हा गाडी आदल्या संध्याकाळी लावून या आणि कार्डावर ‘इंजिन थंड असताना’ असं लिहा. तुमच्या मेकॅनिकला सहज विचारा, ‘याचे टॅपेट कितीवर ठेवता?’ आकडा सांगितला किंवा पुस्तक मागितलं तर माणूस कामाचा. ‘अंदाज आहे आपल्याला’ म्हणाला तर ऑइल आणि ब्रेक शूपुरतंच त्याच्याकडे जा.

आणखी दोन गोष्टी उभ्या-उभ्या दिसतात. ड्रेन नट, म्हणजे जुनं ऑइल काढायचा खालचा नट, तो हवेच्या गननं आवळतो का? इंजिनाचं आवरण ॲल्युमिनियमचं असतं. नट साधारण 20 ते 30 न्यूटन-मीटरचा, गन त्याच्या कितीतरी पुढे जाते. दोन-तीन वेळा असं झालं की आटे जातात, मग हेलिकॉइल (नव्या आट्यांची गुंडाळी) बसवत बसा. दुसरं, ऑइल कुठून येतं? तुमच्यासमोर सीलबंद बाटली फुटली पाहिजे आणि रिकामी बाटली तुमच्या हातात आली पाहिजे. बाटलीवर पुस्तकातला ग्रेड, म्हणजे 10डब्ल्यू-30 वगैरे, आणि जासो (ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए2 हवं. गिअरच्या मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. जासो एमबी हे स्कूटरसाठीचं ऑइल, आणि कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. ती पडली की क्लच सरकायला लागतो : इंजिन ओरडतं, गाडी पुढे जात नाही. मग क्लच प्लेटचा खर्च येतो आणि दोष प्लेटवर जातो.

पार्टच्या बाबतीत ‘ओरिजनल’ आणि ‘डुप्लिकेट’ अशा दोनच जाती लोक धरतात. मध्ये तिसरी आहे. गाडीची कंपनी सगळे भाग स्वतः बनवत नाही. चेन, प्लग, शॉक ॲब्सॉर्बर बनवणारे कारखाने वेगळे, आणि त्यातले काही तोच माल स्वतःच्या नावानं बाजारात विकतात. छत्रपती संभाजीनगरची एन्ड्युरन्स शॉक ॲब्सॉर्बर आणि ब्रेकचे भाग दुचाकी कंपन्यांना पुरवते. एलजीबीच्या रोलॉन चेन, एनजीके आणि बॉशचे प्लग कुठल्याही चांगल्या दुकानात मिळतात. पुण्याला गेलात तर नाना पेठेत दुचाकीच्या पार्टची दुकानंच दुकानं आहेत. जुना पार्ट सोबत न्या, नुसतं मॉडेलचं नाव सांगू नका, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक भाग बदलतात. पाकिटावर एमआरपी, पार्ट नंबर, होलोग्राम बघा आणि पक्कं बिल घ्या. ब्रेक शू आणि डिस्क पॅड यांत मात्र काटकसर करू नका. हलक्या मालाचं लायनिंग ड्रमच खाऊन टाकतं किंवा पावसात धरत नाही.

चेन किट लवकरच लागेल. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटानं ओढा. अर्धा दात उघडा पडत असेल तर संपली. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलायची, नुसती चेन टाकली तर झिजलेले दात ती सहा महिन्यांत खराब करतात. किट हजार ते दीड हजाराचं. हे काम गावातल्या मेकॅनिककडून खुशाल करून घ्या. फक्त चेन किती ढिली हवी ते पुस्तकात बघा (या वर्गातल्या गाड्यांत साधारण 20 ते 30 मिलिमीटर) आणि सैल बाजूला मधोमध वर-खाली हलवून पट्टीनं मोजा. मेकॅनिक लोक चेन घट्ट ठेवतात, कारण गिऱ्हाइकाला खडखड नको असते. मग दोघं बसून खड्ड्यात गेलात की ती ताणली जाते आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग मार खातं.

घरी ऑइल बदलायचं म्हणता, तर वॉरंटीत असेपर्यंत तक्त्यातला बदल घरी करू नका. त्याची नोंद कुठे होणार? घरी करण्यासारखी कामं वेगळी आहेत आणि गाडीचं आयुष्य त्यांच्यावरच जास्त अवलंबून आहे. दर पाचशे-सातशे किलोमीटरला आणि भिजून आल्यावर चेनवर एसएई 90 गिअर ऑइल. चेन चिखलानं माखली असेल तर आधी रॉकेल किंवा डिझेलनं पुसा, पेट्रोलनं नको. आठवड्याला हवा, टायर थंड असताना. आणि ऑइलची पातळी, जी फारसं कुणी बघत नाही. तुमच्या इंजिनात जेमतेम लिटरभर ऑइल आहे, त्यातलं दोन-अडीचशे मिली उडालं तरी फरक पडतो. मेन स्टँडवर गाडी लावा, तीन मिनिटं इंजिन चालू ठेवा, बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा, मग काडी पुसून बघा. बऱ्याच गाड्यांत काडी आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते, पुस्तकात खात्री करा.

एअर फिल्टर घरी काढून हवा मारणं टाळा. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत तेल लावलेला कागदी फिल्टर असतो. तो झटकला किंवा हवा मारली की वाया जातो, मुदत झाली की बदलायचाच. थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग), तिथले स्क्रू आणि सेन्सरचे कपलर यांना मात्र घरीही नको आणि कार्ब्युरेटरवर हात बसलेल्या मेकॅनिककडेही नको. मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला की ज्याच्याकडे कोड वाचायचं यंत्र आहे त्याच्याकडेच जा. वॉरंटीत तर थेट अधिकृत केंद्रात.

घरी येऊन सर्व्हिसिंग करणाऱ्या ॲपवाल्या सेवांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण इतर वाचक विचारतात. शहरात, वॉरंटी संपलेल्या गाडीला, ऑइल-फिल्टर-प्लग इतक्यापुरतं ठीक. दर वेळी नवा माणूस येतो, त्यामुळे गाडीचा इतिहास कुणाच्याच डोक्यात राहत नाही.

वॉरंटी संपल्यावर गावातल्या मेकॅनिककडे जायचं ठरवलंत, तर त्याच्याकडून एक काम नक्की करून घ्या. तुमच्या गाडीत सेंट्रिफ्युगल ऑइल फिल्टर (गरगर फिरून ऑइलमधला कचरा बाजूला काढणारा) आणि जाळी असेल, तर ती पुस्तकातल्या अंतराला साफ करावी लागते. काही गाड्यांत त्यासाठी उजवीकडचं कव्हर उघडून नवं गॅस्केट टाकावं लागतं, म्हणून शोरूम आणि गॅरेज दोन्हीकडे हे काम टाळलं जातं. तुमच्या जुन्या बिलांत त्या गॅस्केटचं नाव कुठे दिसतं का, बघा.

आणि वॉरंटी संपायच्या महिनाभर आधी एक फेरी अधिकृत केंद्रात मारा. इंजिनाच्या सांध्यातून ऑइल पाझरतंय का, स्टार्टरचा आवाज बदललाय का, मीटरमध्ये दव साठतंय का, हँडल सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, जे खटकतं ते जॉब कार्डावर लिहून घ्या आणि प्रत ठेवा. तोंडी सांगितलेल्या तक्रारीला मुदत संपल्यावर काही अर्थ राहत नाही. मुदतीच्या आत कागदावर आलेल्या तक्रारीचा पाठपुरावा नंतरही करता येतो.